स्वयंसेवक शोधत असतात, पण आपली संस्था त्यांना सापडत का नाही?

पांदणवाट (धागाकर्ती)

नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याच्या बाजूला काम करणाऱ्या एका लहान संस्थेत मी गेली सहा वर्षे आहे. कोलाम आदिवासींच्या पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर, मुलांसाठी संध्याकाळच्या अभ्यासिका चालवणे हे आमचे मुख्य काम आहे.

गेल्या आठवड्यात यवतमाळहून परत येताना एसटीत माझ्या शेजारी एक मुलगी बसली होती. ती नागपूरला बी. एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला शिकते आणि तिचे आजोळ आमच्या कार्यालयापासून दोन गावे सोडून आहे. बोलता बोलता ती म्हणाली की परीक्षा संपल्यावर आजीकडे राहून मुलांना शिकवण्याचे काम कोठे मिळेल, हे ती कित्येक संध्याकाळी फोनवर शोधत होती. काहीच हाती न लागल्यामुळे तिने शेवटी नागपुरातच एका दुकानात हिशेबाचे काम धरले. आमच्या संस्थेचे नाव तिने त्या एसटीत पहिल्यांदा ऐकले.

मी तिला विचारले की तू नेमके काय टाइप केलेस. तिने फोन काढून तेच शब्द पुन्हा घातले: पांढरकवडा, मुलांना शिकवणे, स्वयंसेवक. शिकवणी वर्ग आले, नोकरीच्या जाहिराती आल्या, एक लॉजही आले. करंजीचा थांबा येईपर्यंत आम्ही पाने सरकवत होतो, पण आमचे संकेतस्थळ आले नाही. मग मी संस्थेचे पूर्ण नाव सांगितले, तेव्हा ते पहिल्याच ओळीत आले. म्हणजे ज्याला आमचे नाव आधीच ठाऊक आहे, त्यालाच आम्ही सापडतो.

ही गोष्ट मनातून जात नाही. आमच्याकडे संगणकाचा जाणकार नाही आणि पैसेही बेताचेच आहेत. अशा संस्थेने काय करावे, म्हणजे अशा मुलीला ती सापडेल? ज्यांनी हे केले आहे किंवा जे स्वतः स्वयंसेवक म्हणून कोठे गेले आहेत, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

पळसफूल

ताई, आपल्या संकेतस्थळाच्या पहिल्या पानावर काय लिहिले आहे, ते जसेच्या तसे येथे द्याल का?

पांदणवाट

देते. "आदिवासी व वंचित घटकांच्या सर्वांगीण विकासासाठी व सक्षमीकरणासाठी कटिबद्ध असलेली स्वयंसेवी संस्था." त्याखाली संस्थेची उद्दिष्टे आहेत, जी घटनापत्रातून घेतली आहेत, आणि त्यानंतर कार्यकारिणीची छायाचित्रे आहेत.

पळसफूल

मला वाटलेच होते. आपली बहुतेक संकेतस्थळे अनुदानाच्या प्रस्तावातील भाषेत लिहिलेली असतात, कारण ती लिहिण्याची वेळ प्रस्तावाच्या निमित्तानेच येते. त्या मुलीने घातलेल्या शब्दांपैकी "शिकवणे", "मुले", "पांढरकवडा" यांतला एक तरी शब्द त्या पानावर आहे का? जो शब्द पानावर नाही, त्या शब्दाने पान सापडावे अशी अपेक्षा कशी करायची? दहा कॉलेजच्या मुलांना विचारा की तुला गावात जाऊन काम करायचे असेल तर तू काय टाइप करशील, आणि ते जे सांगतील ते वहीत तसेच लिहून घ्या. आपले पान त्या वहीतून लिहावे, घटनापत्रातून लिहू नये.

आणखी एक. आपला तालुका सरकारदरबारी केळापूर आहे, पण लोक पांढरकवडा म्हणतात. दोन्ही नावे पानावर असायला हवीत. बुलडाण्याच्या बाबतीत तर कोणी "बुलडाणा" लिहितो, कोणी "बुलढाणा". शिवाय पुष्कळ मुले मराठीच शब्द रोमन लिपीत टाइप करतात. म्हणून गाव, तालुका आणि कामाचे नाव रोमन लिपीतही एकदा लिहून ठेवावे. पान कुरूप दिसेल ही भीती नको, एका ओळीने काही बिघडत नाही.

खिळेजुळारी

मी वीस वर्षे छपाईच्या धंद्यात आहे, त्यामुळे एक गोष्ट अधिकाराने सांगू शकतो. आपल्याकडच्या अनेक संस्थांचा मराठी मजकूर जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असतो. डोळ्यांना तो मराठी दिसतो, पण त्या अक्षरांच्या पोटात प्रत्यक्षात रोमन अक्षरे आणि चिन्हे असतात, आणि फॉन्ट फक्त वरचे रूप बदलतो. शोधयंत्र रूप पाहत नाही, ते पोट वाचते. तेथे त्याला "शिक्षण" हा शब्द भेटतच नाही, अर्थहीन अक्षरांची रांग भेटते. वार्षिक अहवालाच्या पीडीएफमध्ये हा दोष फार आढळतो.

तपासण्याची रीत सोपी आहे. आपल्या पानावरची किंवा अहवालातली एक ओळ निवडून कॉपी करावी आणि व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवावी. मराठी उमटले तर तो मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे शोधयंत्राला वाचता येणाऱ्या खऱ्या मराठी अक्षरांत आहे. उलटीसुलटी चिन्हे उमटली तर तो पुन्हा टाइप करावा लागेल, आणि हल्ली फोनवर बोलूनही तो करता येतो.

दुसरा दोष चित्रांचा. "स्वयंसेवक हवेत" असे सुंदर पोस्टर बनवून तेवढेच फेसबुकवर टाकले जाते. पोस्टरमधला मजकूर म्हणजे चित्रच झाले. पोस्टर जरूर टाकावे, पण त्यातले प्रत्येक वाक्य खाली साध्या मजकुरातही लिहावे.

धानपट्टा

खिळेजुळारी यांचे अगदी बरोबर आहे. आमचा अहवाल आत्ताच तपासला. सगळी चिन्हेच उमटली.

सालबर्डी

मला थोडे वेगळे मत मांडायचे आहे आणि ते कोणास बोचू नये अशी विनंती. बाबा आमटे यांनी मूल तालुक्यातील सोमनाथला श्रमसंस्कार छावणी सुरू केली, तेव्हा इंटरनेट नव्हते. मे महिन्याच्या उन्हात मुले खेड्यापाड्यांतून येत, कारण आधी जाऊन आलेल्या कोणीतरी त्यांना सांगितलेले असे. माणूस माणसाने आणावा, तो टिकतो. मी स्वतः मेळघाटात दहा-बारा वर्षे काढली आहेत. नुसते नेटवर पाहून आलेले पाहुणे दोन दिवस राहतात, मुलांसोबत छायाचित्रे काढतात आणि परत जातात. मुलांना लळा लागलेला असतो, आणि ती आम्हाला विचारत राहतात की दादा पुन्हा कधी येणार.

राष्ट्रीय सेवा योजना हा मार्ग आपल्या हाताशी असताना संकेतस्थळाच्या मागे एवढे का लागावे? १९६९पासून ही योजना चालू आहे. प्रत्येक विद्यार्थ्याने दोन वर्षांत २४० तास काम करायचे असते आणि सात दिवसांचे विशेष शिबिर असते. कार्यक्रम अधिकारी प्राध्यापक शिबिरासाठी गाव शोधतच असतात. अमरावती, नागपूर आणि गडचिरोली येथील तिन्ही विद्यापीठांच्या महाविद्यालयांत जाऊन भेटावे, एवढेच मी म्हणेन.

नदीपल्याड

सालबर्डी, आपला अनुभव मोठा आहे आणि लळ्याबद्दल आपण जे लिहिले ते मला मनापासून पटते. पण एक प्रश्न विचारते. तो प्राध्यापक गाव कसे शोधतो? मी एका महाविद्यालयात ही जबाबदारी तीन वर्षे सांभाळली आहे. ओळखीतून एखादे गाव मिळाले नाही की आम्हीही फोनच हातात घेतो. सोमनाथच्या छावणीला जाणारी आजची मुलेसुद्धा मित्राकडून नाव ऐकतात आणि तारखा व नोंदणी मात्र नेटवरच पाहतात. माणसाने सांगितलेले पक्के करण्याची जागा आता तीच झाली आहे, म्हणून हे दोन मार्ग मला वेगळे वाटत नाहीत.

कौलारू

मी या धाग्यावर दुसऱ्या बाजूने लिहिते आहे, कारण मी शोधणारी होते. मी मूळची साताऱ्याची. शिक्षण संपल्यावर मला विदर्भात किंवा मराठवाड्यात सहा महिने राहून काम करायचे होते. मोठ्या संस्था सहज सापडल्या. हेमलकसा, आनंदवन ही नावे तर शाळेपासून कानावर होती. गडचिरोलीच्या शोधग्रामचा तरुणांसाठीचा "निर्माण" हा उपक्रम २००६पासून चालू आहे आणि त्याची माहिती व्यवस्थित मिळते. पण मला लहान संस्थेत जायचे होते, जेथे माझ्या असण्याने खरोखर फरक पडेल.

लहान संस्थांची पाने उघडल्यावर मला पडणारे प्रश्न फार साधे होते आणि त्यांची उत्तरे जवळपास कोठेच नव्हती. मी राहणार कोठे? त्या खोलीत दुसरी कोणी बाई असेल का? स्नानगृह आत आहे की बाहेर? जेवणाचा खर्च माझा की संस्थेचा? फोनला रेंज आहे का, म्हणजे आईशी रोज बोलता येईल का? मला गोंडी किंवा कोरकू येत नाही, तर चालेल का? माझी आई शेजारी बसून हे सगळे वाचत होती. एका संस्थेचे काम मला अतिशय आवडले होते, पण संपर्कात दोन पुरुषांचे क्रमांक होते आणि एकही बाईचे नाव नव्हते. आई म्हणाली, "तू म्हणतेस ते बरोबर असेल, पण मी कोणाशी बोलू?" मी तेथे गेले नाही. ज्या संस्थेत गेले, तिच्या पानावर स्वयंपाक सांभाळणाऱ्या मावशींचे नाव आणि फोन करण्याची वेळ लिहिलेली होती. आई त्यांच्याशी वीस मिनिटे बोलली आणि दुसऱ्या दिवशी माझे तिकीट काढले गेले.

पांदणवाट

कौलारू, आपला प्रतिसाद मी कार्यालयात सर्वांना वाचून दाखवला. आमच्याही पानावर दोन पुरुषांचेच क्रमांक आहेत, आणि त्यांपैकी एक जण दोन वर्षांपूर्वी संस्था सोडून गेला आहे. आज मी त्या क्रमांकावर फोन केला. तो आता ट्रॅक्टरच्या एका मेकॅनिकचा आहे. ते म्हणाले की असे फोन अधूनमधून येतात, आणि ते "राँग नंबर" म्हणून ठेवून देतात. किती जणांनी तेथे फोन केला असेल, हे आता कळण्याला मार्ग नाही.

चुनाभट्टी

क्रमांकाचा विषय निघालाच आहे, तर आमच्या संस्थेचे काय झाले ते सांगतो. संकेतस्थळाचा पत्ता एका उत्साही कार्यकर्त्याने स्वतःच्या ईमेलवरून नोंदवला होता. तो पुढे नोकरीसाठी गेला. नूतनीकरणाची सूचना त्याच्या जुन्या ईमेलवर येत राहिली, ती कोणी पाहिली नाही आणि मुदत संपून पत्ता हातचा गेला. नंतर त्या पत्त्यावर भलत्याच वस्तूंच्या जाहिराती दिसू लागल्या. जुन्या अहवालांवर, पत्रकांवर, भिंतीवरच्या पाटीवर तोच पत्ता छापलेला होता. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे की सिम, ईमेल आणि संकेतस्थळाचा पत्ता हे तिन्ही संस्थेच्या नावावर असावेत, त्यांचे पासवर्ड किमान दोघांकडे असावेत आणि नूतनीकरणाची तारीख कार्यकारिणीच्या इतिवृत्तात नोंदवावी.

वडगावकर

नकाशाबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. आमच्या जिल्ह्यात वडगाव नावाची गावे किती आहेत ते मोजायला बसावे लागेल. एक स्वयंसेवक मुलगा नकाशा पाहून निघाला आणि दुसऱ्याच तालुक्यातल्या वडगावात संध्याकाळी सहाला उतरला. तेथून परतीची एसटी नव्हती. त्या गावच्या सरपंचांनी त्याला घरी जेवू घातले आणि सकाळी आमच्याकडे आणून सोडले, ही त्यांची माणुसकी. पण चूक आमची होती, कारण आम्ही फक्त गावाचे नाव दिले होते.

गुगल नकाशावर संस्थेची नोंद विनामूल्य करता येते. पडताळणीसाठी बहुधा व्हिडिओ काढून पाठवावा लागतो आणि त्यात इमारतीवरची पाटी व आजूबाजूचा परिसर दिसावा लागतो, म्हणून आधी पाटी लावून घ्यावी. नोंद झाली की "जवळची संस्था" असे शोधणाऱ्यालाही आपण दिसतो, आणि छायाचित्रे व वेळा आपल्याला स्वतः बदलता येतात. ताई, पोडांची नावे नकाशावर अनेकदा नसतात. तेथे फाट्यापासूनचा रस्ता शब्दांत लिहावा आणि ठिकाणाची लिंक द्यावी.

तेंदूपान

सर्वांचे प्रतिसाद उपयुक्त आहेत, पण मला काळजी वाटते ती लिहिल्यावाचून राहवत नाही. आम्ही मुलींचे वसतिगृह चालवतो. सापडणे जितके सोपे होईल, तितके नको ते लोकही सापडतील. बालकांच्या लैंगिक अत्याचारापासून संरक्षणाचा २०१२चा कायदा आहे, आणि त्याची जाण संस्थेतील प्रत्येकाला असली पाहिजे. आम्ही कोणालाही थेट मुलांमध्ये पाठवत नाही. ओळखपत्र, दोन संदर्भ, पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी आणि पहिले काही दिवस आमच्या ताईंच्या सोबतीनेच काम, असा नियम आहे. मुलांची छायाचित्रे स्वयंसेवकाने स्वतःच्या फोनवर घ्यायची नाहीत, हे आधीच लिहून घेतो.

कौलारू

तेंदूपान, हे नियम आपण आपल्या पानावर लिहिले आहेत का? विचारण्याचे कारण असे की माझ्या आईने हे वाचले असते, तर तिचा विश्वास वाढला असता. जी संस्था मुलांना इतके जपते, ती माझ्या मुलीलाही जपेल, असे ती म्हणाली असती. सालबर्डी यांनी लिहिलेले दोन दिवसांचे पाहुणेही "किमान दोन महिने" एवढ्या एका ओळीने बरेच कमी होतील.

तेंदूपान

लिहिलेले नाहीत. आपले म्हणणे पटले. या आठवड्यात लिहिते.

सालबर्डी

किमान मुदत आधीच लिहिण्याची सूचना मलाही मान्य आहे. माझा आक्षेप त्याने पुष्कळसा दूर होतो.

तिफण

शेगावच्या गजानन महाराज संस्थानाचे उदाहरण कोणी दिले नाही, याचे आश्चर्य वाटते. तेथे गावोगावचे सेवेकरी पाळीपाळीने येऊन सेवा देतात. भक्तीची गोष्ट वेगळी, हे मान्य. पण आपली पाळी कधी आणि काम कोणते, हे तेथे जाणाऱ्याला आधी ठाऊक असते. आपण नुसते "स्वयंसेवकांचे स्वागत आहे" असे लिहितो. कोणत्या महिन्यात, कोणत्या कामाला, किती जण हवेत, हे लिहीत नाही.

त्यातही आपल्या भागाचे वेळापत्रक बाहेरच्या मुलांना ठाऊक नसते. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. पुण्याचा मुलगा पंधरा जूनला शाळेत शिकवायला आला, तर त्याला कुलूप दिसेल. दिवाळीच्या सुमारास कापूस वेचणी सुरू झाली की मोठी मुलेही शेतात असतात.

पांदणवाट

तिफण, आपण अगदी वर्मावर बोट ठेवले. आमची खरी गरज जुलै ते फेब्रुवारी असते आणि महाविद्यालयीन मुले मोकळी असतात मे महिन्यात. या विसंगतीवर आम्ही कधी बसून विचारच केला नव्हता. आता असे ठरते आहे की मे महिन्यात सकाळी सात ते दहा मुलांचे वाचन शिबिर घ्यायचे, आणि ज्यांना जास्त काळ देता येईल त्यांच्यासाठी अभ्यासिकेचे काम वेगळे मांडायचे. दोन कामांची दोन पाने करायची.

टंकसाळ

नोंदणीकृत संस्थांसाठी गुगलची विनामूल्य जाहिरातीची योजना आहे आणि तीत महिन्याला १० हजार डॉलरपर्यंतच्या जाहिराती मिळतात. ती का वापरत नाही?

पळसफूल

योजना चांगली आहे, पण तिच्या अटी आहेत. जाहिरात पाहणाऱ्यांपैकी किमान पाच टक्के लोकांनी तिच्यावर क्लिक करावे लागते आणि खाते सतत सांभाळावे लागते. पान नीट नसताना जाहिरात केली, तर लोक येतील आणि सर्वांगीण विकास वाचून परत जातील. त्यापेक्षा आधी नीती आयोगाच्या एनजीओ दर्पण पोर्टलवरची आपली नोंद उघडून पाहावी. तेथे जिल्ह्यानुसार संस्था शोधता येतात, आणि संस्था खरी आहे का हे पाहायला पालक आणि प्राध्यापक तेथे जातात. तेथला फोन क्रमांक जुना असेल, तर तो आजच बदलावा. नोंदणी क्रमांक आपल्या पानाच्या तळाशीही लिहावा.

आणि पानाचे शीर्षक. बहुतेकांचे शीर्षक नुसते "मुखपृष्ठ" असते. शोधल्यावर निळ्या अक्षरांत दिसते ते हेच, म्हणून त्यात काम आणि गाव दोन्ही यावे.

पांदणवाट

आठ दिवस आम्ही यावर बसलो. पहिल्या पानाचा मसुदा देते आहे, कृपया दोष दाखवावेत.

"पांढरकवड्याजवळ कोलाम मुलांना शिकवण्यासाठी स्वयंसेवक हवेत. जुलै ते फेब्रुवारी, किमान दोन महिने. (केळापूर तालुका, जिल्हा यवतमाळ.) पोडावरच्या अभ्यासिकेत रोज संध्याकाळी सहा ते आठ पहिली ते पाचवीच्या मुलांना वाचन आणि गणित शिकवायचे आहे. मुले घरी कोलामी बोलतात. आपल्याला ती येत नसली तरी चालेल, सोबत पोडावरचीच एक ताई असते. राहणे आणि जेवण संस्थेकडे, प्रवासखर्च आपला. मुलींची खोली वेगळी आहे, स्नानगृह आत आहे आणि शेजारच्या खोलीत आमच्या ताई राहतात. कार्यालयात फोनला रेंज आहे, पोडावर नाही. येण्याआधी ओळखपत्र, दोन संदर्भ आणि चारित्र्य पडताळणी लागेल. पुण्या-मुंबईकडून रेल्वेने येणाऱ्यांनी धामणगावला उतरावे, तेथून एसटीने यवतमाळ आणि यवतमाळहून पांढरकवडा. आम्ही स्थानकावर घ्यायला येतो. फोन दुपारी बारा ते चार. उत्तर तीन दिवसांत देऊ."

वडगावकर

छान झाले आहे. फक्त सर्वच गाड्या धामणगावला थांबत नाहीत. ज्यांची गाडी थांबत नाही, त्यांना बडनेरा किंवा वर्धा सांगावे. आणि यवतमाळहून शेवटची एसटी किती वाजता सुटते, ते अवश्य लिहावे.

कौलारू

फोन कोण उचलेल, त्यांचे नाव?

पांदणवाट

दोन्ही दुरुस्त्या केल्या. फोन आमच्या अभ्यासिका पाहणाऱ्या ताई उचलतील आणि त्यांचे नाव त्यांना विचारून घातले आहे. संस्थेच्या नावावर नवे सिम घेतले. हा मसुदा मी एसटीत भेटलेल्या त्या मुलीलाही पाठवला होता. तिने तो वसतिगृहातल्या मैत्रिणींना दाखवला, आणि त्यांतल्या एकीने विचारले की पोड म्हणजे काय. कोलामांच्या वस्तीला पोड म्हणतात, हे वाक्य आता सर्वांत वर घातले आहे.